जुन्या गाडीसाठी रबरी ब्रेक होजचा पूर्ण सेट, आठ महिने वापरून झाल्यावर

रिव्ह्यू होज सेटचाच आहे (होज म्हणजे ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणारी लवचिक नळी), पण सुरुवात चाकापासून करावी लागेल, कारण होज बदलायचे हे मला कळायलाच दोन महिने गेले आणि तेवढ्यात एक कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग, विनाकारण बदलून झाला.

गाडी २२ वर्षांची, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. पुढचं उजवं चाक गरम व्हायला लागलं. गरम म्हणजे किती, तर अर्धा तास साधी चालवून शेवटी ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू दिली तरी उजव्या चाकाजवळ हात नेला की धग लागायची आणि डावं नुसतं कोमट. रिमवर काळी पूड पण उजवीकडेच जास्त. ब्रेक लावताना गाडी आधी किंचित डावीकडे जायची आणि पेडल सोडल्यावर थोडी उजवीकडे ओढायची, हे तर फारच विचित्र वाटत होतं. मेकॅनिकने बघितलं आणि सांगितलं की कॅलिपर जाम आहे, पिस्टन चिकटतोय, बदला. बदलला. तीन दिवस ठीक चालली आणि चौथ्या दिवशी परत तीच धग. तिथे मी थांबलो, म्हटलं आता पुढचा पार्ट घ्यायच्या आधी नेमकं काय अडतंय ते शोधू.

ही तपासणी कुणालाही करता येते म्हणून सविस्तर लिहितो. चाक धरलेलं असतानाच करायची, म्हणजे गाडी चालवून आणायची, ब्रेक चिकटला की जॅकवर घ्यायची, खाली स्टँड लावायचे (नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली हात घालायचाय आपल्याला) आणि चाक हाताने फिरवून बघायचं. माझं फिरतच नव्हतं. मग होजच्या वरच्या टोकाला जिथे लोखंडी पाइपचा नट आहे तो जरासा सैल करायचा. तिथे चाक मोकळं झालं तर प्रेशर वरूनच अडकलंय, म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देणारा भाग), पुशरॉड, बूस्टर तिकडे बघायचं. माझं मोकळं झालं नाही. नट परत आवळला आणि खाली कॅलिपरचं ब्लीडर निपल (हवा आणि ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) उघडलं, तर ब्रेक ऑइलची एक बारीक पिचकारी उडाली आणि चाक हाताने गरगर फिरायला लागलं. म्हणजे वर प्रेशर नाही, खाली आहे, आणि या दोघांच्या मधे फक्त एक वीतभर रबरी होज. निपल उघडूनही चाक सुटलं नसतं तरच दोष कॅलिपरचा किंवा त्याच्या स्लाइड पिनांचा होता. ही दहा मिनिटांची गोष्ट आधी केली असती तर तो कॅलिपर वाचला असता, आणि मला खरंच वाटतं की कॅलिपर बदला म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढं करून बघावं.

आता होज बाहेरून कसा होता? ठणठणीत! भेगा नाहीत, फुगवटा नाही, ओल नाही, घासल्याच्या खुणा नाहीत. दर सर्व्हिसिंगला टॉर्च मारून बघितला जायचा आणि पास व्हायचा. बदलल्यावर मी तो ब्लेडने उभा कापला. नव्या होजचं आतलं भोक साधारण ३ मिलिमीटरचं असतं, टाचणीचं डोकं सहज जाईल एवढं. माझ्या जुन्या होजचं भोक दोन्ही टोकांना बरं होतं, पण मधे जिथे होज सस्पेन्शनला धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी आवळलेली होती तिथे ते चपटं होऊन नुसती एक रेघ उरली होती. पट्टी आणि रबर यांच्यामधे गंजाचे पापुद्रे साचले होते, एकावर एक, नखाने उचकटले तर पोपडे निघत होते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, पट्टीला बाहेर सरकायला जागा नाही, मग ती आतल्या रबरालाच दाबत जाते, वर्षानुवर्षं. बाहेरून दिसतो तो फक्त थोडासा गंजका पत्रा, आणि जुन्या गाडीखाली गंजका पत्रा कोण मोजतो?

आणि मग ब्रेक लागत कसा होता, हा प्रश्न मला पण पडला होता. उत्तर असं की पेडल दाबताना लाइनमधे प्रचंड प्रेशर येतं, जोराच्या ब्रेकला १०० बारच्या आसपास जाऊ शकतं, तेवढ्या जोराने ऑइल त्या रेघेतून पण घुसतं, फक्त जरा उशिरा, म्हणून गाडी आधी डावीकडे जायची. पण परत येताना ऑइलला ढकलणारं जवळजवळ काहीच नसतं. कॅलिपरमधे स्प्रिंग नसते, पिस्टनभोवतीचं चौकोनी कापाचं रबरी सील दाबाखाली किंचित पिळलेलं असतं ते सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही अंशाने मागे घेतं, बास. तेवढ्या जोरावर ऑइल त्या रेघेतून मागे जात नाही, पॅड डिस्कला टेकलेलेच राहतात, घासतात, तापतात. काही होजमधे आतल्या थराचा तुकडा सुटून झडपेसारखा लागतो, तिथे पण परिणाम हाच. म्हणून होज बाहेरून चांगला दिसतोय म्हणजे चांगला आहे, हे मी आता मानत नाही.

असो, सेटकडे येतो. पहिला मागवलेला सेट मी बसवलाच नाही, परत केला. कारण होजवर काहीही छापलेलं नव्हतं. नुसतं काळं गुळगुळीत रबर आणि चकचकीत टोकं. ब्रेक होजवर छाप असतोच, असायलाच हवा. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस १०६ हा नियम घ्या, त्यात होजवर डॉट ही अक्षरं, बनवणाऱ्याची खूण, बनवल्याचा महिना आणि वर्ष, आतला व्यास आणि एचआर किंवा एचएल असं लिहावं लागतं. एचआर म्हणजे दाबाखाली नेहमीइतका फुगणारा, एचएल म्हणजे कमी फुगणारा. शिवाय त्याच नियमात होजच्या लांबीभर समोरासमोर दोन रेघा लागतात, त्यांचं काम पुढे सांगतो. चाचण्या पण साध्या नाहीत, ३ मिलिमीटरच्या होजला ४००० पीएसआयवर दोन मिनिटं धरतात आणि मग ७००० पीएसआयपर्यंत फुटायला नको, आणि वेगळ्या एका मशीनवर सलग ३५ तास गरागरा वाकवत ठेवतात. एसएई जे १४०१ हा आकडा दिसला तरी तो हायड्रॉलिक ब्रेक होजचाच आहे. ज्या होजवर यातलं काहीच नाही तो यातून गेलाय की नाही हे मला कळणार कसं, आणि ब्रेकच्या बाबतीत मी अंदाजावर जाणार नाही.

दुसरा सेट, म्हणजे ज्याचा हा रिव्ह्यू, तीन होजचा आहे: पुढे दोन आणि मागे ॲक्सलवर उतरणारा एक. रबर ईपीडीएम (ब्रेक ऑइलला टिकणारं कृत्रिम रबर), मधे धाग्याची विणलेली जाळी, बाहेर परत ईपीडीएम. छाप स्पष्ट, बनवल्याची तारीख मी घेतला तेव्हा सात महिने जुनी. तारखेला मी खूप महत्त्व देतो, कारण रबर गाडी न चालवता पण म्हातारं होतं, आणि कपाटात पडून राहिलेला जुना स्टॉक नवा म्हणून घ्यायचा नाहीये. पुढच्या होजवरची मधली पट्टी प्लेटिंग केलेली आहे आणि सरळ होजवर आवळलेली नाही, मधे जाड रबरी बुश आहे. मूळ होजचा जो दोष माझ्या मुळावर आला नेमका तोच इथे टाळलाय, हे बघून मला मनापासून आनंद झाला.

बसवायच्या आधी जुना आणि नवा शेजारी ठेवून मोजले, हे कराच. लांबी, टोकाचे आटे, पाइपच्या फ्लेअरची (पसरवलेल्या टोकाची) बैठक आणि पट्टीची जागा. होज आखूड असला तर स्टिअरिंग पूर्ण वळल्यावर ताणला जातो, लांब असला तर टायरला घासतो, आणि फ्लेअरचे दोन प्रकार असतात, एकाच्या बैठकीवर दुसरा बसवला तर नट कितीही आवळा, ऑइल झिरपतच राहतं. सेट सगळीकडे जुळला. फक्त मागच्या होजचं टोक गाडीच्या ब्रॅकेटच्या भोकात जाईना, रंगाचा थर जाड होता, भोक कानशीने जरा साफ करावं लागलं.

एक तक्रार मात्र खरी आहे. डब्यात तांब्याचे वायसर नाहीत. माझ्या गाडीत पुढचा होज कॅलिपरमधे आट्याने जातो आणि तिथे एक तांब्याचा वायसर सील करतो (बँजो बोल्टवाल्या गाड्यांना दोन लागतात, बोल्टच्या डोक्याखाली एक आणि बँजोच्या पलीकडे एक). हा वायसर एकदा दबला की त्याचं काम झालं, जुना परत लावायचा नसतो. गाडी स्टँडवर, होज सुटलेला आणि डब्यात वायसर नाही म्हटल्यावर सगळं काम एक दिवस अडलं. यू आकाराच्या क्लिपा पण नाहीत, जुन्या गंजलेल्या क्लिपा ठोकून काढताना वाकतातच, त्या नव्या घेऊन ठेवा.

पाइपचा नट हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. साधा फिक्स पाना लावू नका, तो दोनच कडा धरतो आणि गंजलेला नट बघता बघता गोल होतो. फ्लेअर नट पाना घ्या, दिसायला रिंग पान्यासारखा, एका बाजूने पाइप आत जाण्यापुरता कापलेला, तो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवलं होतं. दुसऱ्या पान्याने होजचा षटकोन धरायचा आणि मग नट फिरवायचा, नाहीतर होज ब्रॅकेटसकट पिळतो. उजवीकडचा सुटला. डावीकडच्या नटाबरोबर पाइपच फिरायला लागला, लोखंडी पाइपवर एक बारीक पीळ दिसायला लागला आणि मी लगेच हात काढला. तिथे जोर केला असता तर पाइप तुटून तो पण बदलायला लागला असता. परत ऑइल मारलं, रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी आवळायच्या दिशेने अगदी थोडं, मग सोडायच्या दिशेने थोडं, असं पुढेमागे करत पाच मिनिटांनी तो सुटला. इथे घाई करू नका, खरंच सांगतो.

एक छोटी युक्ती, होज सोडायच्या आधी पेडल दोन बोटं खाली दाबून काठीने तसंच अडकवून ठेवायचं. त्याने मास्टर सिलिंडरमधली छोटी भोकं सीलमागे जातात आणि टाकीतलं ऑइल टपटप गळत बसत नाही. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तर एअर वरपर्यंत जाते आणि ब्लीडिंगचं, म्हणजे लाइनमधली एअर काढायचं, काम दुप्पट.

बसवताना आधी कॅलिपरचं टोक, कारण तिथे अख्खा होज फिरवत आटे बसवावे लागतात. मग वरचं टोक ब्रॅकेटमधे घालून पाइपचा नट आधी हाताने तीन-चार आटे, बोटांनी सहज फिरला पाहिजे, आणि नंतरच क्लिप ठोकायची. क्लिप आधी ठोकली की पाइप तिरका येतो आणि आटे मारले जातात. आता त्या दोन रेघा: नट आवळून झाल्यावर होजवरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे, दोरीसारखी गुंडाळत गेली असेल तर होजला पीळ आहे, सोडा आणि परत बसवा. माझ्या डाव्या होजला पाव वळसा पीळ आला होता, रेघ नसती तर काळ्या रबरावर तो कधीच दिसला नसता. त्यानंतर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून होज कुठे ताणतोय, कुठे टेकतोय ते बघायचं, एकदा चाक लटकतं असताना आणि एकदा गाडी जमिनीवर असताना. आवळायचा टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या.

मागचा होज मी जवळजवळ सोडूनच देणार होतो. चाक चांगलं फिरत होतं, ब्रेक चिकटत नव्हता, आणि तो ॲक्सलच्या वर असा लपलेला की खाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. सेटमधे आलाच आहे म्हणून काढला. हातात घेऊन अंगठ्याने वाकवला तर टोकाच्या लोखंडी टोपीला लागून रबर फाटलं आणि आतल्या जाळीचे धागे दिसले. सरळ असताना तिथे काहीच दिसत नव्हतं. हा होज मागच्या दोन्ही चाकांना ऑइल देतो, तो फुटला असता तर मागचे दोन्ही ब्रेक एकदम गेले असते. तेव्हा तपासताना होज नुसता बघू नका, वाकवून बघा, विशेषतः टोकांजवळ, आणि दुसऱ्या कुणाला तरी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबायला सांगून फुगतोय का ते बघा. धागे दिसले, फुगा दिसला किंवा ओल दिसली तर गाडी तिथेच उभी करायची, उद्या बघू नाही.

ब्लीडिंग भावाला पेडलवर बसवून केलं. "दाब", "दाबलंय", "धरून ठेव, मी सांगेपर्यंत सोडू नको", निपल बंद, "आता सोड", हे चाळीस-पन्नास वेळा. माझ्या मॅन्युअलप्रमाणे सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, तुमच्या गाडीत क्रम वेगळा असू शकतो. त्याला एकच गोष्ट परत परत सांगत होतो की पेडल पार तळाला नेऊ नको, अर्ध्यावर थांब, कारण जुन्या मास्टर सिलिंडरमधे रोजच्या वापरात सील जिथपर्यंत जात नाही तिथे गंज बसलेला असतो आणि सील त्यावरून घासलं की सीलच जातं. जुनं ऑइल काळपट तपकिरी निघालं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) भरलं, सील न उघडलेल्या बाटलीतलं, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरड्या डॉट ४ चा उकळबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि पाणी शोषलेल्याचा कमीत कमी १५५, एवढा फरक आहे. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, रंग सोलून काढतं ते. आणि होजच्या आत, टोकांना, कुठेही ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ईपीडीएम त्याने फुगतं आणि कामातून जातं.

शेवटी प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला, इंजिन चालू करून भावाने पेडल अर्धा मिनिट पूर्ण जोराने धरलं आणि एकेक पेपर उलगडून बघितला. बाकी सगळे कोरडे, फक्त डाव्या कॅलिपरवरच्या पेपरवर ज्वारीएवढा डाग. तो जोड थोडा कमी आवळला गेला होता, मॅन्युअलच्या टॉर्कला आणला, दुसऱ्यांदा कोरडा निघाला. मग रिकाम्या जागेत हळू वेगाने ब्रेक मारून बघितले आणि त्यानंतरच रस्त्यावर.

स्टीलची जाळी असलेले होज का नाही घेतले असं दोघांनी विचारलं. मित्राच्या गाडीत आहेत, मी चालवलीय, पेडल खरंच जास्त कडक लागतं कारण ते कमी फुगतात. पण जाळीखालचं काही दिसत नाही, जाळी ज्याला घासेल त्याला कापत जाते, आणि रोजच्या साध्या गाडीला रबरी होज नवा असला की पेडल पुरेसं चांगलं लागतं. ज्यांना जोरात चालवायचीय त्यांनी घ्यावेत, पण त्यावर पण छाप बघूनच.

आठ महिने झाले. दोन्ही पुढची चाकं एकसारखी कोमट राहतात, दर महिन्याला बघतो. पेडल पहिल्यापेक्षा वर आणि घट्ट आहे, यातलं थोडं श्रेय नव्या ऑइलचं पण आहे. गाडी ब्रेकला सरळ थांबते. परवा चाकं काढून होज टोकांपाशी वाकवून बघितले, रबर मऊ, रेघा सरळ, मधल्या पट्टीवर गंजाचा एक ठिपका नाही. उजव्या होजवरचा तारखेचा छाप मात्र पुसट व्हायला लागलाय, म्हणून तारीख गाडीच्या सर्व्हिस वहीत लिहून ठेवली.

पाचपैकी साडेचार. अर्धा वायसर आणि क्लिपांसाठी कापला.